कोरड्या फराळात मुरलेलं तेल: घरच्या वजनकाट्यावर कॅलरी मोजायची रीत

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत एक किलो भाजणीच्या चकल्या तळल्या. कढईत तेलाची एक लिटरची अख्खी पिशवी ओतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी निवलेलं तेल गाळून बरणीत भरलं, तर लिटरची बरणी पाऊणसुद्धा भरली नाही. तेल कुठे सांडलं नव्हतं. चकल्या हाताला कोरड्या लागत होत्या, कागदावर जेमतेम डाग पडले होते. म्हणजे उरलेलं सगळं तेल डब्यात जाऊन बसलं होतं आणि तिथून आमच्या पोटात जाणार होतं.

त्याच वर्षी माझ्या नवऱ्याच्या रक्ततपासणीत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेले निघाले होते. ‘तेलकट आणि गोड कमी करा’ असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि आम्ही ते मनापासून केलं. भाजीतलं तेल निम्म्यावर आणलं, वरण-भातावरचं तूप बंद केलं. चहाबरोबर चिवडा आणि खारी मात्र चालूच राहिली, कारण ती आमच्या हिशेबात तेलकट नव्हतीच. डोळ्यांना दिसणारं तेल आम्ही काढलं होतं आणि न दिसणारं रोज चार वाजता खात होतो. त्यानंतर मी वजनकाटा घेऊन बसले. तेव्हापासून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आपलं पथ्य डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावं. हा लेख घरातल्या डब्यात नेमकं काय आहे ते कळण्यासाठी आहे.

आधी तीन आकडे आणि आपला चमचा

एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ, मग ते तेल असो, तूप की डालडा, साधारण ९ कॅलरी देतो. एक ग्रॅम साखर किंवा पिष्ट ४ कॅलरी देतं, एक ग्रॅम प्रथिनंही ४. पुढचा सगळा हिशेब या तीन आकड्यांवर उभा आहे. पाकिटावर ‘किलोकॅलरी’ छापलेलं असतं, ती आपण बोलताना म्हणतो तीच कॅलरी. गोंधळून जाऊ नका.

तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बारीक अक्षरात ९१० ग्रॅम असं वजन दिलेलं असतं. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून. त्यावरून ५ मिलीलिटरचा चहाचा चमचा म्हणजे साडेचार ग्रॅम तेल, म्हणजे ४० कॅलरी. १५ मिलीलिटरचा मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी.

आता उठून आपल्या घरातला चमचा मोजा. डिजिटल वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि फोडणीची पळी पाण्याने भरून वाटीत ओता. जितके ग्रॅम तितके मिलीलिटर. आमच्या पळीत २२ मिलीलिटर मावलं. म्हणजे ‘एक पळी तेल’ म्हणत मी २० ग्रॅम तेल, १८० कॅलरी ओतत होते. प्रत्येक घरातली पळी वेगळी असते, म्हणून दुसऱ्याच्या घरचा आकडा आपल्याला लागू होत नाही.

दिवसभराची गरज किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषासाठी २११० आणि ५५ किलोच्या स्त्रीसाठी १६६० कॅलरी धरल्या आहेत. स्त्रीचा आकडा लक्षात ठेवा, पाकिटं वाचताना त्याचं काम पडणार आहे.

तळणाचं तेल कसं मोजायचं

रिकाम्या कढईचं वजन करून कागदावर लिहा. तेल ओता, गॅस पेटवायच्या आधी पुन्हा वजन करा. दोन्हींतला फरक म्हणजे सुरुवातीचं तेल. मधे तेल वाढवलंत तर पिशवीचं वजन आधी आणि नंतर करून तेही लिहा, इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. तळण झालं की कढईला हात लावू नका. तेल पूर्ण निवू द्या, शक्यतो रात्रभर. मग तेल गाळून तळाचा चुरा काढून टाका, तेल परत कढईत घाला आणि वजन करा. पदार्थ ज्या कागदावर निथळत ठेवला त्याचंही आधी आणि नंतर वजन केलंत तर कागदाने प्यायलेलं तेल वजा करता येतं. ते फार नसतं, पण एकदा करून बघा. कागद सगळं तेल टिपून घेतो असं जे आपल्याला वाटतं, ते तिथेच मिटतं.

शेवटी तयार पदार्थाचं एकूण वजन करा आणि नग मोजा.

माझ्या चकल्यांचा हिशेब असा निघाला. सुरुवातीचं तेल ९१० ग्रॅम, उरलं ६४० ग्रॅम. कढईतून गेलं २७० ग्रॅम. भाजणीत ६० ग्रॅम कडकडीत मोहन घातलं होतं ते वेगळं. एकूण ३३० ग्रॅम तेल. भाजणीच्या साधारण ३५०० कॅलरी आणि तेलाच्या २९७०, मिळून ६४७०. चकल्या भरल्या सव्वा किलोच्या किंचित वर, वीस ग्रॅमची एक धरली तर ६३. म्हणजे एका चकलीत १०० कॅलरी आणि पाच ग्रॅमहून जास्त तेल. चकलीमागे भरलेला एक चहाचा चमचा तेल, वर थोडं.

चहाबरोबर चार चकल्या सहज जातात. त्या ४०० कॅलरींत दोन पोळ्या, वाटीभर मटकीची उसळ आणि कोशिंबीर बसते. उसळ-पोळीने संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही, चार चकल्यांनंतर मात्र तासाभरात हात परत डब्याकडे जातो.

शेव याहून पुढे जाते. धार जितकी बारीक तितका तेलाला चिकटायला पृष्ठभाग जास्त, म्हणून बाजारातल्या बारीक शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३५ ते ४० ग्रॅम स्निग्ध पदार्थ दिसतात. भेळ, मिसळ, शेवपुरी, पोहे, या सगळ्यांवर आपण ती भुरभुरतो. पोह्यांवर घातलेली मूठभर शेव कोणी खाण्यात मोजतच नाही.

मोहन, साटा आणि ‘बेक्ड’चा भरवसा

तळणाचं तेल निदान डोळ्यांसमोर असतं. मोहन पिठात नाहीसं होतं. शंकरपाळ्यांचं आपल्या घराघरांतलं माप पाहा: वाटीभर दूध, वाटीभर तूप, वाटीभर साखर आणि मावेल तितका मैदा. २०० मिलीलिटरची वाटी घेतली तर तूप १८० ग्रॅम, साखर १७० ग्रॅम, मैदा साधारण ६०० ग्रॅम. कॅलरी अनुक्रमे १६२०, ६८० आणि २१००, दुधाच्या १३० च्या आसपास. तळताना शंभरेक ग्रॅम तेल किंवा तूप आणखी शिरतं, त्याचे ९००. एकूण ५४३०. शंकरपाळ्या भरतात साधारण १०५० ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅमला ५१५ कॅलरी, आणि त्या शंभरातले २७ ग्रॅम निव्वळ तूप-तेल.

आता याच शंकरपाळ्या ओव्हनमध्ये भाजल्या तर? तळणाचे ९०० गेले, बाकी सगळं जागच्या जागी. वजनही थोडं घटतं. उत्तर येतं शंभर ग्रॅमला ४७५ च्या थोडं वर. फरक आहे, पण ‘बेक्ड आहे, खा’ म्हणून दुप्पट खावं इतका नाही. तूप मोहनात आहे आणि मोहन ओव्हनमध्ये उडून जात नाही. कमी करायचंच असेल तर मोहनाला हात घालावा लागतो. पाऊण वाटी तुपात शंकरपाळ्या खुसखुशीत होतात, मी दोन्ही करून पाहिल्या आहेत. पीठ मुठीत दाबलं आणि मुटका वळला की मोहन पुरेसं झालं, त्यापुढे ओतलेलं प्रत्येक ग्रॅम जादाच.

चिरोट्याच्या आणि करंजीच्या पाऱ्यांमधला साटा, बेकरीतल्या खारीचे पदर, गोव्याच्या बेबिंकाचे थर, या सगळ्यांमागची युक्ती एकच आहे. पिठाच्या दोन थरांत तूप-लोणी असतं म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि सुटे होतात. म्हणून पदर सुटलेला पदार्थ दिसला की मधे स्निग्ध पदार्थ आहे हे समजून चला. खारी हातात पिसासारखी हलकी लागते, कारण तिच्यात हवा आहे. पण वजनाच्या मानाने ती जडच आहे, शंभर ग्रॅमला ५०० कॅलरींच्या आसपास. चहात बुडवलेल्या खारीनंतर कपातल्या चहावर जो तवंग फिरतो, तो एकदा उजेडात धरून बघा.

न तळलेल्या लाडवाचा हिशेब

लाडवात तळण नाही, त्यामुळे काम सोपं. जिन्नस तोलून घ्या, बेरीज करा, लाडवांच्या संख्येने भागा. अर्धा किलो बेसन (१८५०), पाव किलो तूप (२२५०), ४०० ग्रॅम पिठीसाखर (१६००). एकूण ५७००. पाव किलो तुपाच्या कॅलरी अर्धा किलो बेसनापेक्षा जास्त आहेत, हे आधी बघा. चाळीस ग्रॅमचे २८ लाडू वळले तर एक लाडू २०० कॅलरींचा, त्यात दहा ग्रॅम स्निग्ध पदार्थ. काजू-बेदाणे वेगळे.

इथे मला जमलेला उपाय तूप कमी करण्याचा नाही. तूप फार कमी केलं तर बेसन कच्चट भाजलं जातं, लाडू घशात अडकतो, आणि असे लाडू डब्यात पडून राहतात. मी लाडू लहान केला. त्याच मिश्रणाचे लिंबाएवढे, पंचवीस ग्रॅमचे ४६ लाडू होतात आणि एकेक सव्वाशे कॅलरींचा पडतो. पाहुण्याला एक लाडू दिला तर तो एकच खातो, मग तो लहान असो की मोठा. आमच्या सासूबाईंना आधी ते कोत्या मनाचं वाटलं, आता त्याच काट्यावर गोळे तोलून देतात.

गुळाबद्दल एक. साखरेऐवजी गूळ घातला की पदार्थ ‘पौष्टिक’ झाला असं आपण धरून चालतो. शंभर ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास. चमच्यामागे एका कॅलरीचा फरक. गूळ चवीसाठी घाला, मलाही तिळाच्या लाडवात गूळच हवा. पण गुळाचा म्हणून दोन लाडू जास्त खाल्ले तर हिशेब उलटाच पडतो. खजुराच्या लाडवांचंही तसंच.

चिवडा

चिवड्यावर थोडं थांबते, कारण आमच्या घरात तो वर्षभर असतो आणि माझा सगळ्यात मोठा गैरसमज त्याच्याबद्दल होता.

पातळ पोहे ५०० ग्रॅम, तेल १०० ग्रॅम, शेंगदाणे १५०, डाळं १००, सुक्या खोबऱ्याचे काप ५०, काजू ५०, पिठीसाखर २५. पोहे तळलेले नाहीत, उन्हात तापवून मंद आचेवर परतलेले. सगळ्याची बेरीज साडेचार हजार कॅलरींवर जाते आणि चिवडा भरतो पावणेदहाशे ग्रॅम. शंभर ग्रॅमला ४६५. चकलीच्या जवळच की!

स्निग्ध पदार्थ कुठून आले ते पाहिलं तेव्हा मी चकित झाले. फोडणीचं तेल १०० ग्रॅम. पण दाण्यांत वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त तेल असतं, सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त, काजूत पंचेचाळीसच्या आसपास. तिघांचं मिळून ११५ ग्रॅम होतं. फोडणीत एक थेंब तेल घातलं नाही तरी निम्म्याहून जास्त स्निग्धांश चिवड्यात राहणारच. दुकानात ‘डाएट चिवडा’, ‘रोस्टेड चिवडा’ म्हणून जे मिळतं त्यातही दाणे-खोबरं किती आहे ते बघितल्याशिवाय नाव वाचून घेऊ नका.

दाणे वाईट आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यांत प्रथिनं आहेत, पोट भरतं, आणि त्यांचं तेल वनस्पती तुपापेक्षा कधीही बरं. माझा आक्षेप डब्यातून थेट मूठ भरून खाण्याला आहे. टीव्हीसमोर डबा घेऊन बसलं की शंभर ग्रॅम कधी गेले ते कळत नाही. आमच्या घरातल्या लहान वाटीत ३० ग्रॅम चिवडा बसतो, १४० कॅलरी. वाटी भरायची, डबा झाकण लावून वर ठेवायचा, मग बसायचं. हा एक बदल सगळ्यात उपयोगी पडला.

भूक खरीच असेल तर कोल्हापूर-सांगलीकडची भडंग बरी. तीत दाणे-तेल आहेच, पण कुरमुरे इतके हलके की तेवढ्याच वाटीत वजन निम्मंच भरतं. घरी करताना तेल बेताने घातलं तर वाटीमागे कॅलरीही निम्म्याच्या आसपास येतात.

उपवासाचं ताट

एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्या आज्यांनी डोळे उघडे ठेवूनच केली. साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी: कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम (२१०), दाण्याचा कूट २५ ग्रॅम (१३५), तूप १५ ग्रॅम (१३५), बटाट्याच्या फोडी (३०). पाचशेच्या पुढे. साबुदाणा स्वतः निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिनंही नाहीत आणि तंतूही नाहीत म्हटलं तरी चालेल. वडा केला तर तो तेल पितो, आणि फुटलेला वडा सगळ्यात जास्त. उपवास मोडायची गरज नाही. उकडलेलं रताळं, ताक, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, एखादं केळं, हेही उपवासाचंच आहे. खिचडी हवीच असेल तर बशी लहान घ्या आणि सोबत दही-काकडी ठेवा.

बाहेर खाताना

बाहेर वजनकाटा नेता येत नाही, पण घरी हात बसला की डोळ्यांना अंदाज येतो. वडापाव घ्या. पाव ४५ ग्रॅमचा, १२० कॅलरी. आतला बटाटा ६० ग्रॅम, जेमतेम ४५. बेसनाचं आवरण १५ ग्रॅम, ५५. वड्याने प्यायलेलं तेल आठ-दहा ग्रॅम, ८०. सुकी खोबऱ्याची चटणी, ३०. सव्वातीनशेच्या आसपास. एका वेळच्या खाण्याला हे काही भयंकर नाही. जड पडतो तो दुसरा वडापाव आणि कागदावर फुकट मिळणारा बेसनाचा चुरा. तो चुरा म्हणजे तेलात भिजलेलं बेसन.

मिसळीचं मात्र नीट बघा. उसळ १५०, दोन पाव २४०, चाळीस ग्रॅम फरसाण २२०, आणि वरच्या तर्रीतून दोन मोठे चमचे तेल आलं तर २४०. आठशेच्या पुढे गेलो, अजून जादा पाव घेतलेला नाही. मिसळीतली मटकी हे उत्तम अन्न आहे, म्हणून मिसळ सोडा असं मी म्हणणार नाही. ‘फरसाण वेगळं द्या’ असं सांगा, त्यातलं निम्मं घाला. कट वाढून घेताना पळी तळातून आणा, वरून नको. वरचा लाल तवंग हेच ते तेल. या दोन गोष्टींनी तीनशेच्या आसपास कॅलरी कमी होतात आणि झणका जसाच्या तसा राहतो, कारण मसाला रश्शातही असतोच.

ज्या खाद्यगृहांच्या दहा किंवा अधिक शाखा आहेत, त्यांनी मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहायच्या असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. छोट्या गाड्यांवर आणि सुट्या मिठाईवर असं काही लिहिलेलं नसतं. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एम्समधली समोसा-जिलबीच्या फलकांची बातमी सगळीकडे फिरली होती. कचेऱ्यांमध्ये तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावा, एवढीच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सूचना होती. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे छापायला सांगितलेलं नाही, असं मंत्रालयाने नंतर स्पष्ट केलं. ते फलक जरूर वाचावेत, पण समोसा केवढा आणि किती तेलात तळलेला हे प्रत्येक ठिकाणी बदलतं.

श्रीखंड: इथे साखर लपते

अर्धा किलो चक्क्याला ४०० ग्रॅम साखर, हे नेहमीचं माप. आंबटपणा आणि थंडपणा दोन्ही गोडी दाबतात, म्हणून इतकी साखर असूनही तोंड मिटत नाही. शंभर ग्रॅमच्या वाटीत ४४ ग्रॅम साखर येते, म्हणजे जवळजवळ नऊ चमचे. चहात नऊ चमचे साखर कोणी घालून दिली तर आपण कप परत करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ च्या आत असली तर आणखी बरं. एका वाटीत दिवसाचा हिशेब संपला. मलईच्या दुधाचा चक्का असेल तर स्निग्धांश धरून वाटी २८५ कॅलरींपर्यंत जाते, आणि सोबतच्या पाच पुऱ्या चारशेच्या.

चक्का रात्रभर टांगा, ताज्या आणि गोड दह्याचा घ्या, केशर-वेलची सढळ घाला, आणि साखर २०० ग्रॅमवर आणा. पहिल्या दिवशी घरचे कुरकुरतील. गुढीपाडव्याला आमच्याकडे कुरकुर झाली, दसऱ्याला झाली नाही.

पाकीट वाचताना

सगळ्यात आधी ‘प्रति १०० ग्रॅम’चा रकाना बघा. ‘प्रति सर्व्हिंग’चा आकडा लहान दिसतो, कारण सर्व्हिंग २० किंवा ३० ग्रॅमचं धरलेलं असतं, आणि २०० ग्रॅमचं पाकीट फोडून कोणी ३० ग्रॅमवर थांबत नाही. टक्केवारी छापलेली असते ती दिवसाला २००० कॅलरी, ६७ ग्रॅम एकूण फॅट, २२ ग्रॅम संपृक्त (सॅच्युरेटेड) फॅट, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम यांवर काढलेली. बैठं काम करणाऱ्या बाईची गरज १६६० कॅलरी असेल तर तिच्यासाठी खरा टक्का छापलेल्यापेक्षा मोठा असतो.

मग घटकांची यादी. ज्याचं वजन जास्त ते आधी, अशा क्रमाने ती लिहिलेली असते. ‘खाद्य वनस्पती तेल’ दुसऱ्या क्रमांकावर असेल तर काय ते कळलंच. साखर एकाच नावाने येत नाही: ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन हेही शोधा. ‘कोलेस्टेरॉल नाही’ हे वाचून भुलू नका, वनस्पती तेलात ते नसतंच. ‘शुगर फ्री’ बर्फीत खवा आणि काजू असतातच, त्यांच्या कॅलरी कुठे जात नाहीत. ट्रान्स फॅटबाबत (डालड्यासारख्या घट्ट केलेल्या तेलातली, हृदयाला घातक चरबी) परिस्थिती सुधारली आहे. १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात आणि ते वापरून केलेल्या पदार्थांत त्याची मर्यादा दोन टक्के केली आहे. पण तेच तेल पुन्हा पुन्हा उकळत ठेवलं तर ते खराब होतंच, म्हणून काळ्या, फेसाळणाऱ्या तेलाच्या कढईसमोरून पुढे निघा.

कमी तेल पिणारं तळण

तळताना पदार्थातलं पाणी वाफ होऊन जोराने बाहेर येत असतं, तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. पदार्थ बाहेर काढला, निवू लागला, की आतली वाफ आकसते आणि बाहेर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. बरंचसं तेल कढईबाहेर आल्यावर शिरतं! म्हणून झारा कढईवरच तिरका धरून वीस-तीस सेकंद निथळू द्या, एकदा हलका झटका द्या, आणि मग गरम असतानाच कागदावर पसरा. ढीग करू नका. घाईत परातीत ओतलेल्या भजींनी तेच तेल आत घेतलं असतं.

तेल नीट तापलेलं हवं, १७० ते १८० अंश. पिठाची गोळी टाकली की क्षणात वर यावी, पण काळी पडू नये. एकदम दहा-बारा नग सोडले की तेल निवतं आणि पदार्थ तेलात पडून राहतात, म्हणून घाणा लहान ठेवा. शंकरपाळ्या आणि करंज्या मंद आचेवरच तळाव्या लागतात, त्यांना हा नियम लावू नका, नाहीतर वरून लाल आणि आत कच्च्या राहतील. भजीच्या पिठात सोडा चिमटीपेक्षा जास्त नको. सोड्याने जाळी पडते आणि जाळीत तेल साठतं. त्याऐवजी चमचाभर तांदळाचं पीठ घाला, कुरकुरीतपणा येतो आणि भजी तेल कमी पितात. उरलेलं तेल गाळून ठेवा, आठवड्याभरात फोडणीत संपवा, पुन्हा तळणाला घेऊ नका.

एक छोटं काम राहिलं. डब्यांच्या झाकणांना आतून चिकटपट्टी लावा आणि काढलेले आकडे त्यावर लिहा. आमच्या झाकणांवर लिहिलंय: चकली एक, १००. लाडू लहान, १२५. चिवडा छोटी वाटी, १४०. शंकरपाळी दहा, आणि पुढे वजन करून लिहिलेला आकडा, कारण दर वर्षी आम्ही त्या वेगळ्याच आकाराच्या कापतो. पट्टी झाकणाच्या आतच लावा, बाहेर नको. डबा उघडताना हात थांबतो तो तिथे.